माती म्हणावे काय?

मंगळावर यंत्राने 'माती' उकरली, असे आपण सहज लिहून जातो. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना तो शब्द तेथे अडतो. पनवेलच्या आसपास खाचरातली माती, खाडीकाठचा गाळ आणि डोंगर फोडल्यावर निघणारा मुरूम यांना कोणी एकाच नावाने ओळखत नाही. जिच्यात काही कुजले आहे आणि काही रुजेल, ती माती.

१९७६ साली वायकिंगची दोन याने मंगळावर उतरली तेव्हा प्रश्न हाच होता: हिच्यात काही जगते का? एका प्रयोगात नमुन्यावर पोषक द्रव शिंपडताच वायू बाहेर पडला, सजीवांकडून अपेक्षित होता तसाच. दुसऱ्या उपकरणाला मात्र क्लोरीनयुक्त किरकोळ संयुगांपलीकडे सेंद्रिय काही दिसेना, आणि तीही पृथ्वीवरून सोबत गेलेली असावीत असे ठरले. निर्जीव, हा निकाल बहुतेकांनी मानला. मग २००८ मध्ये फिनिक्स यानाला उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात परक्लोरेट सापडले. हा क्षार तापला की सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतो, आणि वायकिंगचे ते उपकरण नमुना तापवूनच तपासत होते! शोधतानाच पुरावा जळाला असेल काय, ही शंका तेव्हापासून उभी आहे. नवी पोथी हाती येऊन जुन्या ओवीचा अर्थ फिरावा, तसेच हे.

ही याने एका जागी खिळलेली. मंगळावर चाके प्रथम फिरली १९९७ मध्ये, सोजर्नरची. पुढे 'स्पिरिट'चे एक चाक २००६ साली बंद पडले. ते फरफटत नेताना २००७ मध्ये वरच्या थराखालची जवळजवळ शुद्ध सिलिका उघडी पडली, म्हणजे जुन्या उष्ण पाण्याची वा वाफेची खूण. निकामी चाकाने नांगर धरला म्हणायचा. असो.

'क्युरिऑसिटी'ने २०१२ मध्ये वाऱ्याने साचलेली वाळू उचलून क्ष-किरणांनी तपासली. फेल्डस्पार, पायरॉक्सीन, ऑलिव्हीन: हवाई बेटांवरच्या झिजलेल्या बेसॉल्टशी जुळणारे द्रव्य. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळ. कर्नाळ्याचा सुळका त्याचाच, विमानतळासाठी सपाट केलेली उलव्याची टेकडीही त्याचीच. मंगळावरचे ते द्रव्य आमच्या मुरमाचे सख्खे नसले तरी चुलत भावंड ठरते. याच गाडीला प्राचीन सरोवराच्या गाळखडकात सेंद्रिय रेणू मिळाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. ते जीवांपासूनच आले, असे मात्र सिद्ध झालेले नाही. ते होईपर्यंत आम्ही तिला मुरूमच म्हणू.