हत्ती जिंकेल की गेंडा? एका जुन्या वादाची दोन उत्तरे

१/ सिंह श्रेष्ठ की वाघ? हत्ती जिंकेल की गेंडा? शाळेच्या मधल्या सुट्टीत रंगणारा हा वाद एके काळी राजदरबारांतही तितक्याच हिरिरीने रंगत असे. फरक एवढाच, की राजांच्या पदरी खरे हत्ती आणि खरे गेंडे होते. त्यांनी हा वाद पडताळून पाहिला तेव्हा काय घडले, त्याची ही हकिकत.

२/ ही कल्पना आपल्यालाही अपरिचित नाही. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभशिल्पे आहेत. सिंहासारखा हा काल्पनिक पशू कित्येक ठिकाणी हत्तींना पंजाखाली दाबून उभा असलेला दिसतो. पाथरवटाने तेथे प्राणिशास्त्र कोरलेले नाही. दुर्गाच्या स्वामीचे सामर्थ्य त्याने पशूंच्या रूपाने मांडले आहे. मात्र दगडातील झुंजीचा निकाल आधीच ठरलेला असतो. जिवंत प्राण्यांचे तसे नसते.

३/ पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याने लिहून ठेवले, की गेंडा हा हत्तीचा जन्मजात वैरी आहे. तो शिंग दगडावर घासून त्याला धार लावतो आणि हत्तीच्या पोटाचा मऊ भाग नेमका हेरतो. पुढे शतकानुशतके युरोपातील विद्वानांनी हे वचन प्रमाण मानले. पडताळायचे तरी कसे? रोमन साम्राज्य लयास गेल्यावर तेथे जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता.

४/ ती संधी आली गोव्यामार्गे. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला दीव येथे किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने परवानगी नाकारली. पण वकिलांना रिक्त हस्ते न पाठवता मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत एक जिवंत गेंडा होता. अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने आपला राजा मनुएल पहिला याच्याकडे रवाना केला.

५/ सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर, २० मे १५१५ रोजी, गेंडा लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला ‘गंडा’ म्हणत. हा शब्द कोठून गेला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. राजाच्या पशुशाळेत हत्ती होतेच. प्लिनीचे वचन खरे की खोटे हे पाहण्यासाठी ३ जून रोजी झुंज ठरली. राजपरिवार आणि प्रतिष्ठित पाहुणे जमले.

६/ प्रत्यक्षात झुंज झालीच नाही. गेंडा संथपणे पुढे सरकला. समोर उभा केलेला हत्ती वयाने लहान होता आणि गर्दीच्या कोलाहलाने आधीच बिथरलेला होता. एकही प्रहार होण्यापूर्वी तो पळत सुटला. गेंडा विजयी ठरला आणि प्लिनीही खरा ठरला!

७/ ही वार्ता पत्राने आणि एका रेखाटनासह जर्मनीत न्यूरेंबर्गला पोहोचली. तेथील चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा स्वतः न पाहताच त्याचे काष्ठमुद्राचित्र केले. चित्रावरील मजकुरात हत्ती गेंड्याला भितो, हेही छापले. हे चित्र युरोपभर पसरले आणि पुढे सुमारे अडीचशे वर्षे त्याच्या नकला होत राहिल्या.

८/ त्या ‘विजेत्या’चे पुढे काय झाले? राजाने तो पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडले. साखळदंडांनी जखडलेला गेंडा बुडून मेला.

९/ आता दुसरे उत्तर. लिस्बनच्या प्रसंगानंतर सुमारे दहा वर्षांनी, १५२५ च्या अखेरीस, बाबर हिंदुस्थानवर चालून येत होता. पेशावरच्या परिसरात त्या काळी गेंडे होते. हत्ती आणि गेंडा समोरासमोर आले तर काय होईल, हे कुतूहल त्यालाही होते. शिकारीत तसा योग आला. माहुतांनी हत्ती पुढे काढले, तेव्हा गेंडा त्यांच्यासमोर थांबलाच नाही. तो दुसऱ्याच दिशेने निघून गेला. गेंडा हत्तीला शिंगावर उचलतो, हा समज चुकीचा दिसतो, असेही बाबराने आत्मचरित्रात नोंदवले आहे.

१०/ लिस्बनला हत्ती पळाला, पेशावरला गेंडा. मग खरे काय? दोन्ही घटना खऱ्या आहेत. एकीकडे परक्या शहरात गर्दीने वेढलेला कोवळा हत्ती होता. दुसरीकडे शिकाऱ्यांनी उठवलेला आणि अनेक हत्तींसमोर एकटा पडलेला गेंडा. दोन्ही ठिकाणी परिस्थिती माणसाने घडवली होती. निकालात ‘हत्ती’ किंवा ‘गेंडा’ या जातीचा स्वभाव शोधणे म्हणूनच फसवे ठरते.

११/ हे रोमन लोकांनाही उमगले होते. इ. स. ८० मध्ये कोलोसियम खुले झाले, त्या काळच्या खेळांवर कवी मार्शलने कविता लिहिल्या. त्यांतील एकीत माणसाळलेली वाघीण सिंहाला फाडून टाकते. कवीचा अभिप्राय असा, की रानात असताना तिने असे धाडस कधी केले नव्हते. माणसांत राहिल्यावर तिचे क्रौर्य वाढले.

१२/ आधुनिक काळातील दाखला दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग अभयारण्याचा. १९९२ ते १९९७ या काळात तेथील तरुण हत्तींनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. म्हणजे हत्ती श्रेष्ठ? ते सारे क्रूगर अभयारण्यातून आणलेले पोरके हत्ती होते. त्यांचे कळप माणसाने मारून कमी केले होते आणि नव्या रानात त्यांना वचक ठेवणारे वडीलधारे नर नव्हते. १९९८ मध्ये सहा प्रौढ नर आणून सोडले आणि गेंड्यांची हत्या थांबली.

१३/ काझीरंगात हत्ती आणि गेंडे आजही एकाच गवताळ रानात चरतात आणि बहुधा एकमेकांना वाट देऊन निघून जातात. जखम कोणालाच परवडत नाही, म्हणून झुंज टाळणे हाच तेथील शहाणपणा आहे. त्यामुळे पुढच्या वेळी हा वाद निघाला, तर निकाल देण्याआधी एवढे अवश्य विचारा: कोणता हत्ती, किती वयाचा, कोठे, आणि त्यांना समोरासमोर आणले कोणी?