दंडाची पावती : खानदेशातील वनकायदा आणि पुराव्याचा प्रश्न

खानदेशातील वनसंरक्षणाचा इतिहास सहसा सागाचा, अंजनाचा आणि वाघाचा म्हणून सांगितला जातो. परंतु तो तितकाच कागदांचा इतिहास आहे. तापीच्या उत्तरेला रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांच्या माथ्यावर पसरलेल्या सातपुड्यात आणि पश्चिमेला साक्रीच्या डोंगरांत कोणती जमीन रान आणि कोणती शेत, कोणाची कुऱ्हाड हक्काची आणि कोणाची चोरीची, हे ठरवण्याचे काम गेल्या दीडशे वर्षांत वनाधिकारी, मामलेदार, वकील, न्यायाधीश आणि अलीकडे संघटनांचे कार्यकर्ते अशा अनेकांच्या हाती आले. या सर्वांना ज्या प्रश्नाने अडवले तो प्रश्न मात्र फारसा बदलला नाही: जो माणूस लिहीत नाही, त्याचा हक्क कोणत्या पुराव्याने मानावा?

१८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यात कारभार मांडला, तेव्हा जंगल राखणे हा सरकारचा विषयच नव्हता. डोंगरांतील भिल्ल नाईक आणि त्यांना आसरा देणारे रान ही नव्या राजवटीला एकच अडचण वाटत होती. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांना वश करायचे त्यांनाच शिपाई करून, बाकीच्यांना बैल, बियाणे आणि तगाई देऊन नांगराला जुंपावे, असा तो डाव होता. औट्रमची वाघांची शिकार हाही त्या राजनीतीचाच भाग होता, कारण वाघ मारणारा साहेब भिल्लांना आपला वाटे आणि रान मोकळे झाले की सारा वाढे. ज्या प्रदेशात पुढे एका झाडासाठी खटले भरले गेले, त्याच प्रदेशात या काळी जंगल तोडून शेती करणारा माणूस सरकारच्या लेखी सुधारलेला ठरत होता, ही गोष्ट पुढील सर्व वादांत विसरली गेली आहे.

दृष्टी पालटली ती लाकडाच्या मागणीमुळे. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन याची पहिला वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. परंतु १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे घाट चढून भुसावळकडे सरकू लागली, तेव्हा रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना, पुलांना आणि इमारतींना लागणाऱ्या सागाचा हिशेब मांडणे सरकारला भाग पडले. १८६५ चा पहिला वनकायदा घाईने केलेला आणि ढिला होता. खरी लढाई १८७८ च्या कायद्याआधी झाली आणि ती सरकारी अधिकाऱ्यांच्या आपापसातच झाली. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की गावकरी जंगलातून जे आणतात ती सरकारने चालू दिलेली सवलत होय, हक्क नव्हे, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. तर वनखात्याचा प्रमुख डिट्रिख ब्रांडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ रूढीने चालत आलेला वापर हाही हक्कच मानावा आणि गावांसाठी वेगळी वने राखावीत, या मताचा होता. कायद्यात ग्रामवनाची तरतूद नावापुरती राहिली आणि बेडन-पॉवेलची भूमिका वरचढ ठरली. ‘हक्क’ आणि ‘सवलत’ या दोन शब्दांतील हे अंतर सातपुड्याने पुढे शंभर वर्षे भोगले.

या कायद्याचे यंत्र कसे चालते हे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही ते जवळजवळ तसेच राहिले. एखादे क्षेत्र राखीव वन करायचे, म्हणजे जेथे परवानगी दिलेली नाही अशी प्रत्येक कृती गुन्हा ठरेल असे वन करायचे, तर आधी सरकारने तसा इरादा जाहीर करायचा. मग वनजमाबंदी अधिकाऱ्याने, म्हणजे जंगलातील लोकांचे हक्क तपासून नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने, शेजारच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची. त्या मुदतीत ज्याने दावा केला नाही त्याचा हक्क नाहीसा होतो. कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहता ही व्यवस्था न्याय्य दिसते. परंतु खानदेशात कचेरीची ‘स्थानिक भाषा’ मराठी होती, आणि जाहीरनामा ज्यांच्यासाठी होता त्यांची बोली पावरी, भिल्ली किंवा फार तर अहिराणी. शिवाय वाचणारा माणूस पाड्यावर नसे. न वाचलेल्या कागदाला उत्तर न दिल्यामुळे गेलेले हक्क किती, याची गणना कोणत्याही दप्तरात असणे शक्य नाही, कारण दप्तरात फक्त मांडलेले हक्क येतात.

हक्क गेला तरी माणूस तेथेच राहिला आणि पोटासाठी रानातच खेडत राहिला. जंगल तोडून काढलेल्या अशा शेताला सातपुड्यात ‘नेवाड’ म्हणतात; सरकारी कागदावर तेच ‘अतिक्रमण’ होते. गार्ड येई, औत अडवी, कधी उभे पीक मोडी, आणि प्रकरण कोर्टात नेण्याऐवजी बऱ्याचदा जागेवरच मिटवले जाई. यालाही कायद्याचा आधार होता: ठराविक वनगुन्ह्यांत आरोपीकडून नुकसानभरपाईची रक्कम घेऊन गुन्हा मिटवण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याला १८७८ च्या कायद्याने दिला आणि १९२७ च्या कायद्याच्या कलम ६८ ने तो कायम ठेवला. रक्कम भरली की पावती मिळे. नाव, गाव, गुन्ह्याचे स्वरूप, रक्कम, तारीख आणि सही एवढाच मजकूर असलेला तो चिटोरा पाड्यावरच्या माणसाला वाचता येत नसे, पण फेकून देण्याचीही छाती होत नसे. पुन्हा गार्ड आला तर दाखवायला असावा म्हणून तो पत्र्याच्या पेटीत जपला जाई. सरकारने एखाद्या भिल्ल वा पावरा कुटुंबाला त्याच्या शेताविषयी दिलेला हा बहुधा एकमेव लेखी कागद होता.

मधल्या काळात राज्यकर्त्यांनी या प्रदेशाचे वेगळेपण मान्य केले, तेही एका विचित्र रीतीने. १९३५ च्या कायद्यानुसार ‘अंशतः वगळलेली क्षेत्रे’, म्हणजे जेथे कायदेमंडळाचे कायदे राज्यपालाच्या आदेशाशिवाय लागू होणार नाहीत असे आदिवासी प्रदेश, ठरवले गेले. त्यांत पश्चिम खानदेशातील अक्राणी महाल, नवापूर पेठा आणि मेवासी संस्थानिकांची गावे होती, तर पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, तालुक्याचे नाव नव्हते. यादीत लिहिले होते ‘सातपुडा डोंगरातील राखीव वनक्षेत्रे’. १९५० च्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशातही तेच शब्द उतरले. ज्या भूमीवर आदिवासींचा हक्क वनकायद्याने पुसला होता, तीच भूमी त्याच नावाने आदिवासींचे खास क्षेत्र म्हणून राज्यघटनेच्या संरक्षणाखाली आली.

वन्यजीवांचा कायदा उशिरा आला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी संरक्षणाचा कायदा केला, १९६९ मध्ये यावलच्या सुमारे १७५ चौरस किलोमीटर रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी देशाचा वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचे अभयारण्य १९८६ चे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत गेली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात आली, आणि १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यासाठी केंद्राची पूर्वमंजुरी आवश्यक झाली. निर्णयाची जागा धुळ्याहून आणि मुंबईहून दिल्लीला सरकली.

दिल्लीच्या या मंजुरीचे एक उदाहरण खानदेशात आजही कटुतेने आठवले जाते. सरदार सरोवरात त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी १९९० मध्ये तळोद्यातील २,७०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. परंतु त्या रानात आधीपासून नेवाड खेडणारे लोक होते. एका आदिवासीला न्याय देण्यासाठी दुसऱ्याला अतिक्रमणदार ठरवण्याची पाळी कायद्यावर आली.

तोपर्यंत कायदा वाचून दाखवणारी माणसे डोंगरात पोहोचली होती. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि बाहेरून आलेल्या तरुणांच्या साथीने १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली होती, आणि जमीन व मजुरी यांच्या लढ्याबरोबर सरकारी कागद मागून घेणे, त्यावर हरकत लिहिणे आणि तारखेला हजर राहणे ही विद्याही पाड्यापाड्यांत रुजली. वकिली हा या भागात सनदेपेक्षा सवयीचा व्यवसाय झाला असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर १९७८ मध्ये ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ताबा सिद्ध करण्यासाठी वनखात्याच्या गुन्हे नोंदी आणि दंडाच्या पावत्या पाहिल्या जाऊ लागल्या. येथे इतिहासाने उलटी उडी मारली: ज्याला पकडले होते त्याच्याजवळ पुरावा होता, आणि ज्याच्यावर कधी गुन्हाच दाखल झाला नाही, किंवा पैसे देऊनही ज्याच्या हाती पावती पडली नाही, तो दावेदार ठरेना. हा पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात १९९५ मध्ये कागदाखेरीज अन्य पुरावाही घ्यावा अशी दिशा मिळाली. पुढच्याच वर्षी गोदावर्मन प्रकरणात त्याच न्यायालयाने शब्दकोशाच्या अर्थाने जे वन ते सर्व वन, मालकी कोणाचीही असो, असा निर्णय दिल्यामुळे जंगलाची व्याख्याही फैलावली. म्हणजे एका हाताने दार किलकिले झाले आणि दुसऱ्या हाताने कुंपण पुढे सरकले.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने या वादाच्या बाहेरून वाट काढली. १९९० च्या दशकात चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने भोवतालच्या उजाड रानात कुऱ्हाडबंदी केली, राखणीच्या पाळ्या लावल्या आणि नियम मोडणाऱ्याला दंडही बसवला; पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे दंड घेणारा शेजारी होता, आणि म्हणून तो कोणालाही अतिक्रमणदार करत नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पुराव्याचा प्रश्न अखेर नियमांत लिहून टाकला. २००८ च्या नियमांतील तेरावा नियम सरकारी नोंदी मान्य करतो, शेतातील विहीर, बांध आणि दफनभूमी यांसारख्या दिसणाऱ्या खुणा मान्य करतो, आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही मान्य करतो. १८७८ मध्ये ज्याचे बोलणे कोणी विचारले नव्हते, त्याच्या आठवणीला कायद्याचे वजन आले. तरीही उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेले, आणि केवळ अशा छायाचित्रावर विसंबून दावा नाकारता येत नाही हे शेजारच्या गुजरातच्या उच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावे लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या झेंड्याखाली खानदेशातील हजारो आदिवासी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेले. त्यांच्या मागण्यांत रखडलेले वनदावे होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो स्थगित केला.

अशा दाव्याच्या संचिकेत वरती विहित नमुन्यातील अर्ज, खाली जातीचा दाखला, वनहक्क समितीचा ठराव, म्हाताऱ्याचा अंगठा असलेला जबाब आणि मोजणीचा नकाशा अशी चळत असते, आणि नशीब असेल तर पेटीतून निघालेली, घडीवर विरलेली ती पावती. तिचे मोल तारखेवर ठरते, कारण ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. त्याआधीची पावती जमिनीचा दाखला होते. त्यानंतरची पावती पूर्वीसारखीच नुसती दंडाची.