काइटसर्फिंग

काइटसर्फिंग हा पायाखालील फळी आणि आकाशातील मोठा पतंग यांच्या साहाय्याने पाण्यावरून वेगाने सरकण्याचा जलक्रीडाप्रकार आहे. यास काइटबोर्डिंग असेही म्हणतात. मोठ्या पतंगासाठी मराठीत ‘वावडी’ हा जुना शब्द आहे. तो येथे शोभला असता. परंतु ‘वावड्या उठवणे’ या वाक्प्रचारामुळे तो आता बहुधा अफवांच्या संदर्भातच वापरला जातो.

== साधने ==

पतंगाचे क्षेत्रफळ सामान्यतः ७ ते १७ चौरस मीटर असते. त्याच्या पुढच्या कडेस हवा भरलेली नळी असते. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही व तेथूनच पुन्हा उडवता येतो. सुमारे २० ते २५ मीटर लांबीच्या दोऱ्या हातातील दांड्याला जोडलेल्या असतात आणि पतंगाची मुख्य ओढ कमरेच्या पट्ट्यावर येते. दांडा स्वतःकडे घेतला की ओढ वाढते, दूर सोडला की कमी होते. संक्रांतीच्या पतंगाला ढील देण्याशी याचे साम्य केवळ वरवरचे आहे. येथे दोरीची लांबी बदलत नाही, पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो.

संकटसमयी एका झटक्यात पतंगाची ओढ संपवणारी कळ हा या साधनांतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. म्हणून प्रशिक्षणात फळीवर उभे राहण्याआधी ही कळ वापरण्याचा सराव करून घेतात.

== आडोशाचे बंदर आणि वारा ==

नवशिक्यास बंदराचे शांत पाणी साहजिकच सुरक्षित वाटते. लाटा नसल्याने फळीवर तोल सांभाळणे तेथे सोपे जाते, हे खरेच आहे. परंतु डोंगर, तटबंदी किंवा धक्का यांपैकी जो आडोसा लाटा अडवतो, तोच वाराही अडवतो. अडथळ्यावरून आलेला वारा त्याच्या उंचीच्या अनेक पट अंतरापर्यंत विस्कळीत राहतो; क्षणात पडतो, क्षणात झोत येतो. अशा हवेत पतंग कोसळतो किंवा माणसाला अनपेक्षितपणे उचलतो. पाण्यावर पडण्यापेक्षा धक्क्यावर, खडकावर किंवा नांगरलेल्या होड्यांवर आदळणे अधिक घातक असते, आणि बंदरात नेमक्या याच गोष्टी जवळ असतात. म्हणून जागेची पारख करताना पाण्याआधी वाऱ्याची दिशा पाहतात आणि वारा ज्या बाजूस वाहतो त्या बाजूचा पट्टा मोकळा आहे की नाही, हे तपासतात.

शालेय भूगोलातील खारे वारे व मतलई वारे यांचा पाठ येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात. किनाऱ्याला तिरपे येणारे खारे वारे या खेळास सर्वांत अनुकूल असतात, कारण दोरी तुटली किंवा पतंग निकामी झाला तरी माणूस किनाऱ्याकडेच ढकलला जातो. रात्री व पहाटे वाहणारे मतलई वारे याच्या उलट. किनाऱ्यापाशी ते मंद आणि पाणी काचेसारखे भासते. पण ते समुद्राच्या दिशेने नेतात. संध्याकाळी खारे वारे थांबण्याच्या सुमारास ओहोटी लागलेली असेल, तर खाडीच्या मुखाशी असलेल्या व्यक्तीस दुहेरी धोका संभवतो.

खेळासाठी ढोबळमानाने किमान १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाचा वारा लागतो.

== इतिहास ==

अमेरिकेत जन्मलेल्या सॅम्युएल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. आजच्या खेळाचा पाया मात्र ब्रुनो व डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी घातला. हवा भरलेल्या पतंगाच्या रचनेचे पेटंट त्यांनी १९८४ मध्ये नोंदवले आणि १९९७ मध्ये ‘विपिका’ या नावाने तो बाजारात आणला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. स्पर्धा मार्सेय येथे झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचे व्हॅलेंटिन बोंटुस व महिलांत ब्रिटनच्या एली आल्ड्रिज यांनी सुवर्णपदक मिळवले.

== गोवा आणि कोकण ==

मराठी भाषकांच्या परिसरात हा खेळ मुख्यतः गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोरजी, आश्वे व हरमल या किनाऱ्यांवर रुजला आहे. पावसाळा संपल्यावर, विशेषतः फेब्रुवारीनंतर, दुपारचे खारे वारे येथे खेळण्याजोगे होतात. नैर्ऋत्य मोसमी वारे वेगवान असले तरी तेव्हाचा खवळलेला समुद्र सामान्य खेळाडूसाठी नसतो.

याच पट्ट्यातील मोरजी व मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात, आणि तो काळ हिवाळ्यापासून खेळाच्या हंगामाच्या आरंभापर्यंत येतो. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत कासवांच्या विणीचे किनारे म्हणून या दोन्ही गावांची नोंद आहे. त्यामुळे येथील वाळू केवळ पतंग पसरण्याची मोकळी जागा समजता येत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण बंदर खडक व सिंधुदुर्ग किल्ला यांच्या आडोशाला आहे. वर सांगितलेल्या अडचणी तेथे एकत्र आढळतात. शिवाय या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. अर्धवर्तुळात टाकलेले जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढत असताना मधल्या पाण्यात फळी वा दोरी येणे मच्छीमार व खेळाडू दोघांनाही हानिकारक ठरते. रापणकरांचा त्या पाण्यावरील हक्क खेळाहून कितीतरी जुना आहे.

== अंतर्गत जलाशय ==

खानदेशाला समुद्र नाही, वारा मात्र आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या त्याची साक्ष देतात. तरीही जळगाव जिल्ह्यातील तापीवरील हतनूर धरणासारख्या जलाशयांना समुद्रकिनाऱ्याचे निकष लागू पडत नाहीत. जमिनीवरून आलेला वारा झाडे, टेकड्या व वस्ती यांमुळे झोतांचा असतो. तो पावसाळ्यात जोरदार असतो, आणि नेमके तेव्हाच हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी आवश्यक तितके उघडून पाणी सोडले जाते. हिवाळ्यात पाणी स्थिर असते, पण तेव्हा तेथे स्थलांतरित पक्ष्यांचा मुक्काम असतो.