हायड्रोजन-आल्फा गाळणी व तिची जुळणी

हायड्रोजन-आल्फा गाळणी : सूर्यप्रकाशातील ६,५६२·८ आँगस्ट्रॉम (१ आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) तरंगलांबीच्या तांबड्या हायड्रोजन रेषेलगतचा प्रकाश तेवढा पुढे जाऊ देणारे व बाकीचा अडविणारे साधन. दीप्तिगोलाच्या प्रखर तेजात लोपणारा वर्णगोल, बिंबाच्या कडेवरील ज्वाला आणि बिंबावरचे काळसर तंतू हिच्यातून दिसतात. हौशी निरीक्षकांच्या गाळणीचा पट्टा सामान्यतः एका आँगस्ट्रॉमहून अरुंद असतो. त्यामुळे तो नेमका रेषेवर आणावा लागतो; या क्रियेस जुळणी म्हणतात.

सूर्यावरील हायड्रोजन रेषांचा माग काढण्याचे काम गाळणी येण्यापूर्वीच सुरू झाले होते, व त्यात मराठी मुलखाचा संबंध येतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून, तर झांसेन यांनी गुंटूरहून ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. ज्वाला वायुरूप असल्याचे त्यावरून ठरले. या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात असे झांसेन यांना वाटले व दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्या. २० ऑक्टोबर रोजी लॉक्यर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. हीलियमाचा शोध लॉक्यर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, ही कोकणात रूढ असलेली समजूत खरी नव्हे. ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

या १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेचे कँबेल यांच्याप्रमाणेच पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही वेध घेतले. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य यांमधून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, ती नायगमवालांच्याच प्रयत्नाने. मूळ योजना केवळ वर्णपटीय प्रयोगशाळेची होती. इंग्लंडमधील ज्योतिर्विदांच्या सल्ल्याने तिचे रूपांतर खगोलभौतिकीय वेधशाळेत झाले. तेथील २० इंची परावर्ती दूरदर्शक पुढे भावनगर दूरदर्शक म्हणून ओळखला गेला. मात्र वेधशाळेचा सारा भार एकाच व्यक्तीवर होता. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होताच ती बंद करण्यात आली व उपकरणे कोडईकानलला गेली. त्याच वर्षी कोडईकानल येथे हायड्रोजन-आल्फा रेषेत सूर्यचित्रे घेण्यास आरंभ झाला. पुण्यास मात्र त्या रेषेचा अभ्यास खंडित झाला.

गाळणीचा इतिहास थोडक्यात असा : हेल यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हलत्या फटीच्या वर्णपटदर्शकातून एका रेषेच्या प्रकाशात सूर्य डोळ्यांनी पाहण्याची सोय केली, ल्यो यांनी चौथ्या दशकात द्विप्रणमनी गाळणी तयार केली. हौशी निरीक्षकांच्या साधनात बहुधा फाब्री व पेरो यांच्या पद्धतीची, अंशतः परावर्तक अशा दोन समांतर पृष्ठांची जोडी असते, तिला एटालॉन म्हणतात. ती ठराविक अंतरांवरील अनेक तरंगलांब्या पुढे सोडते. त्यांपैकी हवी ती एकच निवडण्यासाठी मागे रोधक गाळणी बसवितात. पुढच्या बाजूस उष्णतारोधक गाळणी नसेल, तर डोळ्यास कायमची इजा होते.

जुळणी तीन प्रकारांनी करतात. हवेची फट असलेला एटालॉन किंचित कलविला की पट्टा जांभळ्या बाजूस सरकतो. १ अंश कलविल्यास सु. १ आँगस्ट्रॉम. तो तांबड्या बाजूस सरकत नाही, म्हणून असा एटालॉन मुळात रेषेच्या किंचित तांबड्या बाजूस बनवितात. बंद फटीतील हवेचा दाब वाढविल्यास वक्रीभवनांक वाढून पट्टा तांबड्या बाजूस जातो. अभ्रकाच्या एटालॉनात हेच काम उष्णतेने होते, पण त्यास वेळ लागतो. फट खुली असल्यास स्थळाची उंची महत्त्वाची ठरते. मुंबईहून सु. १,३५० मी. उंचीच्या महाबळेश्वरास गेल्यास हवेचा दाब सु. १५ टक्के घटतो आणि पट्टा सु. पाव आँगस्ट्रॉम जांभळ्या बाजूस ढळतो. समुद्रसपाटीस जेमतेम जुळणारी गाळणी तेथे कलवून जुळत नाही, कारण कलविण्याने ती आणखी त्याच बाजूस जाते.

कडेची ज्वाला दिसली म्हणजे गाळणी जुळली, असे नवख्यास वाटते. ज्वालेमागे काळे आकाश असल्याने पट्टा थोडा ढळलेला असला तरी ती दिसते. खरी कसोटी बिंबावरचा तंतू ही होय. शांत तंतू दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी ठेवून जुळणीचे चक्र दोन्ही बाजूंस सावकाश फिरवावे. तंतू सर्वांत काळा व वर्णगोलाची जाळी सर्वांत स्पष्ट दिसते ती जागा रेषेच्या मध्याची. तंतू गतिमान असल्यास मात्र ही खूण फसवी ठरते. डॉप्लर परिणामामुळे सेकंदाला सु. ४६ किमी. वेगाने निरीक्षकाकडे येणाऱ्या द्रव्याची रेषा १ आँगस्ट्रॉम जांभळ्या बाजूस सरकते. त्यामुळे उद्रेकाच्या वेळी तंतू रेषेच्या मध्यावर अकस्मात नाहीसा होतो आणि पट्टा जांभळ्या बाजूस नेल्यावर पुन्हा दिसू लागतो.