चुलीपासून शेफपर्यंत

आमच्या पारोळ्यात हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये किल्ला बांधला आणि गावाला बाजारपेठेची कळा आली. पुढे धुळे-जळगाव रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६ झाला. आता त्याला ५३ म्हणतात. ट्रक थांबू लागले तशी ढाब्यांवर शेवभाजी रटरटू लागली.

मी मात्र आचारी, लग्नाच्या पंगतीतला. आधी बयाना, मग चूल, हा आमचा शिरस्ता. भरताची हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची, कांद्याची पात अन् मिरचीची फोडणी द्यायची, सोबत कळण्याची पुरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आचाऱ्याची कमाई लग्नसराईपुरतीच राहिली.

पगाराची वाट निघाली मुंबईत. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये दादरचं केटरिंग कॉलेज सुरू झालं आणि स्वयंपाकाला पदवी, हुद्दा, बढती मिळाली. कॉमीपासून सुरुवात, मग सू-शेफ, शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ.

भाच्याला मी सांगतो, "बाबा रे, हात माझ्याकडून घे, हिशेब तिथे शीक." मोठा शेफ कढईपाशी कमी, कागदापाशी जास्त असतो: ताटामागे खर्च किती, वाया काय गेलं, माल कुठून घ्यायचा. मोठा पगार त्या डोक्याचा असतो. आम्ही हे सगळं अंदाजाने करायचो आणि दक्षिणेवर भागवायचो.