भौतिकोपचारातील पदव्युत्तर शिक्षण (महाराष्ट्र)

भौतिकोपचारातील पदव्युत्तर पदवी, अर्थात मास्टर ऑफ फिजिओथेरपी, हा भौतिकोपचाराच्या पदवीधरांसाठी असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात तो 'एमपीटीएच' या नावाने, तर बहुतेक अभिमत विद्यापीठांत 'एमपीटी' या नावाने ओळखला जातो. एखाद्या विशेष शाखेतील सखोल अध्ययन, रुग्णालयातील प्रत्यक्ष काम आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लिहिलेला प्रबंध हे त्याचे तीन मुख्य घटक होत. पदवीचे नाव सर्वत्र जवळजवळ सारखे असले, तरी प्रवेशाचा मार्ग, शुल्क, रुग्णांचे स्वरूप आणि मार्गदर्शन यांत संस्थेगणिक मोठे अंतर पडते. सोलापूरसारख्या जिल्ह्यातील पदवीधराला या अंतराचा हिशेब प्रवास, निवास आणि कौटुंबिक खर्चासह मांडावा लागत असल्याने संस्थेची निवड हा त्याच्या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो.

पार्श्वभूमी

युरोपात १८१३ साली स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी स्थापन केलेली व्यायामसंस्था आणि १८९४ साली इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी स्थापन केलेली संघटना यांपासून या व्यवसायाची आधुनिक परंपरा मोजली जाते. भारतात तिचा आरंभ मुंबईत झाला. पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईतील केईएम रुग्णालयात देशातील पहिली भौतिकोपचार शाळा सुरू झाली. १९५५ साली हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञ संघटना या दोन्ही अस्तित्वात आल्या.

सोलापुरात वैद्यकीय शिक्षण १९६३ साली सुरू झालेल्या महाविद्यालयापासून उपलब्ध आहे. ते आज डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. आरंभी ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होते. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर राज्यातील आरोग्यविषयक महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. मात्र आरोग्य विज्ञानाच्या पदव्या त्याच्या अधिकारक्षेत्रात येत नाहीत. सोलापूर जिल्ह्यात शिकलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या पदवीपत्रावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे नव्हे, तर नाशिकचे नाव असते ते यामुळेच. परगावच्या नियोक्त्यांचा येथे अनेकदा गोंधळ होतो.

नियमन

भौतिकोपचाराला दीर्घकाळ केंद्रीय परिषद नव्हती. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कक्षेत हा व्यवसाय येत नाही. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषदेचा स्वतंत्र कायदा केला व नोंदणीची व्यवस्था उभी केली. २०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाचा कायदा संमत केला आणि त्यात भौतिकोपचाराचा समावेश झाला. या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार पदवी अभ्यासक्रम एका वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा आहे. त्यापूर्वी तो सहा महिन्यांच्या आंतरवासितेसह साडेचार वर्षांचा होता. त्यामुळे पुढील काही वर्षे पदव्युत्तर वर्गांत दोन वेगवेगळ्या कालावधींचे पदवीधर एकत्र बसतील.

नावापूर्वी 'डॉ.' लावण्याचा वाद या नियमनाशी जोडलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने त्यास हरकत घेणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. पदव्युत्तर पदवी घेतल्याने या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. तरीही प्रवेशाच्या काळात तो हमखास निघतो.

पदव्युत्तर पदवीची गरज

स्वतःचा दवाखाना चालवण्यासाठी पदवी व परिषदेची नोंदणी पुरेशी असते; पदव्युत्तर पदवी ही त्याची कायदेशीर अट नाही. अध्यापनासाठी मात्र ती अनिवार्य मानली जाते. अतिदक्षता विभागातील श्वसनोपचार, मेंदूविकारांनंतरचे पुनर्वसन किंवा क्रीडासंघांबरोबरचे काम अशा क्षेत्रांत मोठी रुग्णालये पदव्युत्तर उमेदवारास प्राधान्य देतात. दोन वर्षांचे शुल्क आणि त्या काळात न मिळालेले वेतन असा दुहेरी खर्च असल्याने काही पदवीधर आधी एक-दोन वर्षे रुग्णालयात काम करून मग शाखा ठरवतात. आंतरवासितेत प्रत्येक विभागात थोडेच दिवस मिळतात. त्यावरून आयुष्यभराची शाखा ठरवणे अवघड असते, हे त्यामागील व्यावहारिक कारण.

विशेष शाखा

अस्थिस्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन, सामुदायिक आणि क्रीडा या शाखा प्रामुख्याने शिकवल्या जातात; काही संस्थांत बालरोग वा स्त्रीआरोग्य यांस स्वतंत्र स्थान आहे. अस्थिस्नायू व क्रीडा या शाखांना विद्यार्थ्यांची पसंती अधिक असते, कारण खासगी दवाखान्यात येणारे बहुसंख्य रुग्ण पाठ, मान, गुडघा आणि खांदा यांच्या तक्रारींचे असतात. सामुदायिक शाखा तुलनेने मागे पडते. ही पसंती रुग्णांच्या गरजेशी जुळतेच असे नाही, आणि सोलापूर त्याचे ठळक उदाहरण आहे.

सोलापूर हे यंत्रमागाचे आणि विडीचे शहर आहे. यंत्रमाग कामगार दीर्घ पाळी उभ्याने, सतत वाकत आणि गोंगाटात काढतो. विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसते. मान खाली, खांदे पुढे आणि बोटांची एकच हालचाल दिवसभर चालू. जिल्ह्यात उसाचे मोठे क्षेत्र व साखर कारखाने असल्याने तोडणीच्या हंगामात ओझे वाहणाऱ्या मजुरांची भर पडते. आषाढीस पंढरपुरास पोहोचणारे वारकरी शेकडो किलोमीटर चालून आलेले असतात आणि त्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. या सर्वांच्या तक्रारी अस्थिस्नायू विभागात नोंदल्या जातात, परंतु त्यांचे मूळ कामाच्या रीतीत असते. घरी जाऊन काम पाहिल्याशिवाय त्यावर उपाय सुचवता येत नाही. हे कौशल्य सामुदायिक शाखेत शिकवले जाते. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारी येथील रायनगर वसाहतीत असंघटित कामगारांना १५,००० घरांचे हस्तांतरण झाले. विडी व यंत्रमाग कामगारांची एवढी दाट वस्ती एका ठिकाणी आल्याने अशा कामास तेथे मोठा वाव आहे.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पूर्व भागातील पद्मशाली समाजात तेलुगू ही घरची भाषा आहे. व्यायाम हा रुग्णाने घरी एकट्याने करावयाचा उपचार असल्याने सूचना समजली नाही, तर उपचारच होत नाही. सोलापुरातील बहुभाषिक विद्यार्थ्याचे हे बळ पुण्या-मुंबईच्या प्रवेशयादीत गुणांमध्ये धरले जात नाही. पण बेळगावसारख्या सीमाभागातील रुग्णालयात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

प्रवेश आणि शुल्क

महाराष्ट्रातील जागा दोन वेगळ्या मार्गांनी भरल्या जातात. आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न शासकीय, महापालिका व खासगी महाविद्यालयांतील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या पीजीपी-सीईटी या परीक्षेतून व त्यानंतरच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. मुंबईतील केईएम व शीव रुग्णालयांशी जोडलेल्या शाळा, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याच्या संचेती संस्थेचे महाविद्यालय ही या गटातील परिचित नावे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते.

दुसरा मार्ग अभिमत विद्यापीठांचा. कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ, लोणीची प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्था, पुण्याची भारती विद्यापीठ व डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, वर्ध्याजवळील सावंगी येथील दत्ता मेघे संस्था आणि बेळगावची केएलई संस्था ही त्यांतील प्रमुख नावे. ही विद्यापीठे प्रवेशपरीक्षा व शुल्क बहुतांशी स्वतः ठरवतात. त्यांच्यापैकी अनेकांची स्वतःची मोठी रुग्णालये आहेत आणि लोणी, कराड व सावंगी येथे ग्रामीण रुग्णांचा ओघ असल्याने शिकण्याच्या संधी विपुल असतात. म्हणजे अभिमत जागा दर्जाने कमी असते असे नाही. फरक खर्चात असतो, आणि तो पुढील कारणाने बराच वाढला आहे.

महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थिनींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. त्यापूर्वी ही सवलत निम्मी होती. मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच ती लागू होते. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे, तसेच व्यवस्थापन कोट्यातील व संस्थास्तरावरील प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. भौतिकोपचाराच्या वर्गांत विद्यार्थिनींची संख्या लक्षणीय असल्याने या तरतुदीचे महत्त्व मोठे आहे. केंद्रीभूत फेऱ्यांचे वेळापत्रक लांबले, की अभिमत विद्यापीठातील जागा हातची जाईल या भीतीने अनेक कुटुंबे आधीच तेथे रक्कम भरतात आणि नंतर सवलतीची जागा मिळाली तरी ती घ्यावी की नाही या पेचात सापडतात. भरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत व किती परत मिळते आणि मूळ कागदपत्रे केव्हा हाती येतात, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

विद्यावेतनाबाबत एकवाक्यता नाही. शासकीय व महापालिका संस्थांत ते मिळते. खासगी संस्थांत कोठे मिळते, कोठे नाममात्र असते, तर कोठे मुळीच नसते. शुल्कमाफीत वसतिगृह व भोजन येत नाही. सोलापूरहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे रोज ये-जा करण्यापलीकडचे आहे. त्यामुळे शुल्क माफ असूनही पुण्या-मुंबईतील निवासाचा खर्च कराड किंवा लोणीच्या तुलनेत जड जाऊ शकतो.

रुग्णालय, मार्गदर्शक आणि प्रबंध

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत उपकरणांची यादी लांबलचक असते. अनुभवी अध्यापक तिच्यापेक्षा तीन गोष्टींना अधिक महत्त्व देतात: निवडलेल्या शाखेचे रुग्ण रोज किती येतात, एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यास रुग्णाविषयी निर्णय घेऊ दिला जातो की त्याला केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांचे वर्ग सांभाळावे लागतात. हृदय व श्वसन शाखा घेणाऱ्यास अतिदक्षता विभाग आणि हृदयशस्त्रक्रिया होणारे रुग्णालय नसेल, तर दोन वर्षे पुस्तकावरच काढावी लागतात. याची खातरजमा बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसून आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलून होते.

प्रबंधाचा आराखडा पहिल्या वर्षीच सादर करावा लागतो व त्यास संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते. विषय अनेकदा आधी झालेल्या अभ्यासाची पुनरावृत्ती असतो. वास्तविक महाराष्ट्रात करण्याजोगे मूलभूत काम पुष्कळ आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वापरली जाणारी, कॅनडात तयार झालेली वोमॅक प्रश्नावली रुग्णाला मोटारीत चढता-उतरता येते का हे विचारते. मांडी घालून बसता येते का किंवा उकिडवे बसता येते का हे विचारत नाही. पंगतीत, पूजेला आणि विडीच्या सुपापुढे जमिनीवर बसणाऱ्या रुग्णाची अडचण अशा मापनात सुटून जाते. स्थानिक राहणीस अनुरूप मापनपद्धती मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये तपासून पाहणे हा दोन वर्षांत पेलणारा विषय आहे.

परदेशातील अभ्यासक्रम

परदेशी पदवीच्या नावावरून तिचा उपयोग कळत नाही, आणि कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याला याची किंमत मोजावी लागते. ब्रिटनमध्ये एमएस्सीचे दोन प्रकार आहेत. नोंदणीपूर्व एमएस्सीतून तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेच्या नोंदणीची पात्रता मिळते. भारतीय पदवीधर सामान्यतः ज्या एका वर्षाच्या प्रगत एमएस्सीस जातात, तिच्यातून ती आपोआप मिळत नाही. मूळ भारतीय पदवीच्या आधारे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

अमेरिकेत व्यवसायप्रवेशाची पदवी डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही असून ती साधारण तीन वर्षांची असते. पहिला असा अभ्यासक्रम १९९३ साली नेब्रास्कातील क्रेटन विद्यापीठात सुरू झाला आणि २०१६ पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी हीच पातळी बंधनकारक झाली. भारतीय पदवीधराला तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतोच असे नाही. आपल्या शिक्षणाचे समकक्षता-मूल्यमापन करून घेऊन राष्ट्रीय परवाना परीक्षा देण्याचा मार्ग खुला आहे. मूल्यमापनात श्रेयांकांची उणीव निघाल्यास ती भरून काढावी लागते. आधीच परवाना असलेल्यांसाठीची संक्रमण-डॉक्टरेट वेगळी असून तिच्यामुळे परवाना मिळत नाही. परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. भारतात केलेली एमपीटी मूल्यमापनात धरली जाते, परंतु त्यासाठी विषयवार तास दाखवणारी विद्यापीठाची अधिकृत कागदपत्रे लागतात. ती नाशिकहून मिळवण्यास वेळ लागत असल्याने परदेशाचा विचार असणारे विद्यार्थी महाविद्यालय सोडण्यापूर्वीच अर्ज करून ठेवतात.