जालन्याचा हमाम आणि आमचा बंब

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरचा जुना तांब्याचा बंब बिघडला. तो फुटला नव्हता, गळतहि नव्हता. बंबफोडांत कांहीं उणें नसतांनाहि पाणी कोमटापलीकडे जाईना, एवढेंच. आम्हीं प्रथम लांकडास दोष दिला, मग थंडीस, आणि शेवटीं घरांतील मंडळींच्या घाईस. अखेर एका वृद्ध तांबटास पाचारण केलें. त्यानें बंब पेटवूं दिला नाहीं. आंत हात घालून त्यानें नळकांड्याची बाजू नखानें खरवडली, बोटावरची पांढरी भुकटी आम्हांस दाखविली, आणि म्हणाला, "मास्तर, आग चांगली आहे, पाणीहि चांगलें आहे, दोघांमध्यें भिंत उभी राहिली आहे."

त्याचें निदान शास्त्रशुद्ध होतें. आमच्याकडील काळ्या पाषाणांतल्या विहिरींचें पाणी जड. तें तापलें कीं त्यांतील चुना सुटून धातूवर पुटें चढवितो. हीं पुटें उष्णता अडवितात. पाणी थंड राहतें, आणि पाण्याचा गारवा न मिळाल्यामुळें धातु मात्र अकारण तापून झिजतो. लांकूड वाढवावें तों बंबाचें आयुष्य घटतें.

त्या दिवसापासून जुन्या जालन्याचा हमाम आमच्या मनांत घोळूं लागला. कारण हेंच दुखणें तेथें सबंध नगराच्या मापानें उद्भवणारें होतें. कुंडलिकेच्या कांठचें हें व्यापारी गांव. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण मराठवाड्यांत सर्वांस ठाऊक आहे. मुर्तजा निजामशहा अहमदनगरच्या गादीवर असतां, १५७८ मध्यें, जमशेदखानानें येथें काळी मशीद बांधिली व तिच्या जोडीस हमाम आणि सराई उभारली. मोती तलावहि त्याचाच. तलावापासून जमिनींतून नळ घालून त्यानें गांवांतील हौदांस पाणी पुरविलें. सराईच्या चौकांतहि एक हौद होता. म्हणजे दमून आलेल्या वाटसरूस निवारा, स्नान आणि प्रार्थना हीं तिन्ही एकाच ठिकाणीं लाभत. हमाम हा या साखळीचा एक दुवा. तलाव, नळ आणि हौद यांवांचून तो म्हणजे नुसती घुमटाची खोली.

त्या काळच्या हमामाची घडण थोडक्यांत अशी: भिंतीपलीकडे भट्टी, तिच्यावर पाण्याचें तांब्याचें पात्र, फरशीखालून धुराचीं व ऊन हवेचीं पोकळ भुयारें, भिंतींत थंड व ऊन पाण्याच्या निराळ्या नळ्या, आणि वर झरोक्यांचा घुमट. बऱ्हाणपूरच्या किल्ल्यांतील शाही हमाम ज्यांनीं पाहिला असेल त्यांस अशा स्नानगृहाच्या थाटाची कल्पना येईल. पण थाट डोळ्यांस दिसतो, दुखणें दिसत नाहीं. तें लक्षणांवरून ओळखावें लागतें. फरशी एका अंगास ऊन व दुसऱ्या अंगास गार लागली तर भुयारांत काजळी दाटली आहे. धूर मागें फिरूं लागला तर धुराडें तुंबलें आहे. भिंतीस ओल आली तर गिलाव्यास चीर गेली आहे. आणि पाणीच आलें नाहीं तर दोष हमामांत शोधण्यांत अर्थ नाहीं. कुदळ घेऊन तलावाच्या वाटेस लागावें.

ही वाट पुण्याच्या लोकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचें पाणी शहरांत आणिलें, तेव्हां नळावर जागोजाग उसासे बांधिले. त्यांतून कोंडलेली हवा सुटते. शिवाय एका उसाशांत पाणी आहे आणि पुढच्यांत नाहीं, असें दिसलें कीं गाळ कोठें बसला तें कळतें. सारा रस्ता खणावा लागत नाहीं. आमच्या मतें राजवाड्यांच्या नक्षीपेक्षां हा उसासा अधिक कौतुकास पात्र आहे, कारण तो बांधणाऱ्यानें आपलें काम एक दिवस बिघडणार हें आधींच मान्य केलें होतें.

दुरुस्तीची अक्कल नसली म्हणजे काय होतें याची एक कथा इराणांत प्रचलित आहे. इस्फहान येथें शेख बहाईचा हमाम एका मेणबत्तीवर तापत असे, आणि तें रहस्य जाणण्यासाठीं कोणी तो उकलला, तो पुन्हां तापला नाहीं, असें सांगतात. ही दंतकथा असेल. आग्ऱ्याची गोष्ट मात्र खरी. तेथील किल्ल्यांतील संगमरवरी स्नानगृह लॉर्ड हेस्टिंग्जनें उखडून विलायतेस युवराजाकडे पाठविण्याची व्यवस्था केली, आणि बेंटिंकच्या अमदानींत उरलेल्या दगडाचा लिलांव झाला. बिघडलेल्या वस्तूस निदान तांबट भेटण्याची आशा असते. विकलेल्या वस्तूस ती नाहीं.

औरंगाबाद जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटिअरांत जालन्याच्या या कामांचें वर्णन आहे. बांधणाऱ्याचें नांव, सन, सर्व आहे. पण भट्टींतील राख कोण काढी, नळांतील मुळ्या कोण तोडी, त्याचा रोजमुरा कोणाच्या वहींत पडे, याविषयीं एक अक्षरहि आमच्या वाचनांत आलें नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत हेंच जालना टँकरांच्या वाटेकडे डोळे लावून बसलें होतें, तेव्हां आम्हांस जमशेदखानाहून त्या अनाम नळवाल्याचीच आठवण अधिक झाली.

आमच्या तांबटानें बंबांत चिंचेचें पाणी भरून तो रात्रभर तसाच ठेवविला. चिंचेच्या आंबटानें चुना विरघळतो. सकाळीं त्यानें मऊ झालेलीं पुटें लांकडी पट्टीनें सोडविलीं. लोखंड लावूं दिलें नाहीं, तांबें ओरखडलें कीं पुढचा चुना तेथेंच आधीं धरतो म्हणाला. मग तोटीचा सांधा झाळून दिला. मजुरी विचारतां त्यानें ती अगदींच थोडी सांगितली, आणि चिंचेचे पैसे मात्र निराळे मागितले.